एबीएसचा दिवा लागला, म्हणजे सेन्सरच गेला का?

या वेळच्या पत्रांत एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम (लॉक) होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, चाकाच्या वेगाच्या सेन्सरबद्दलचे प्रश्न सर्वाधिक आहेत, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. बहुतेक पत्रांतली तक्रार एकाच वळणाची आहे : दिवा लागला, स्कॅनरने (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राने) एका चाकाचे नाव दाखवले, त्या चाकाचा सेन्सर बदलला आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला. त्यामुळे सुरुवात मुळापासून करू.

प्रश्न : चाक लॉक होत आहे हे एबीएसला कळते कसे? चाकाजवळचा सेन्सर ब्रेकचा दाब मोजतो का?

उत्तर : दाबाशी या सेन्सरचा संबंध नाही. चाक किती जोरात फिरते आहे, एवढेच तो सांगतो. हबवर, ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाला किंवा बेअरिंगच्या सीलमध्ये एक रिंग असते आणि ती चाकाबरोबर फिरते. जुन्या पद्धतीत ही रिंग लोखंडी आणि दातेरी असते. नव्या पद्धतीत सीलवरच्या पातळ थरात चुंबकाचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव एकाआड एक उमटवलेले असतात. सेन्सर मात्र जागचा हलत नाही. त्याच्या समोरून एक दाता किंवा ध्रुवांची एक जोडी सरकली की एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, निघते.

रिंगला ४८ दाते आणि टायरचा परीघ १.९ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, चाकाचे पावणेनऊ फेरे होतात आणि सेन्सर सेकंदाला साधारण ४२० पल्स पाठवतो. ताशी ५ किलोमीटरला हाच आकडा ३५ वर येतो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढच्या एका उत्तरात ते लागणार आहेत.

गाडीचा खरा वेग एबीएसच्या युनिटला, म्हणजे त्याच्या कंट्रोल कॉम्प्युटरला, वेगळा कोणी कळवत नाही. चारही चाकांचे आकडे ताडून युनिट तो स्वतः ठरवते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक कितीही दाबला तरी साध्या गाडीचा वेग एका सेकंदात ताशी ३५ किलोमीटरपेक्षा फारसा जास्त उतरत नाही. मग एखादे चाक पाव सेकंदात ६० वरून १५ वर आले, तर गाडी तेवढी मंदावलेली नाही, ते चाक घसरायला लागले आहे, हे उघड आहे. गाडीचा वेग आणि चाकाच्या कडेचा वेग यांतल्या फरकाला आपण घसर म्हणू. शून्य टक्के म्हणजे चाक मोकळे फिरते आहे, १०० टक्के म्हणजे पूर्ण लॉक. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड साधारण १० ते ३० टक्के घसरीला सर्वाधिक असते आणि युनिटची धडपड चाकाला त्याच पट्ट्यात ठेवण्याची असते. आधी इनलेट व्हॉल्व्ह बंद होतो आणि त्या चाकाचा दाब आहे तिथे थोपतो. तरीही चाक मंदावत राहिले तर आउटलेट व्हॉल्व्ह उघडतो आणि दाब उतरतो. चाक सावरले की दाब पुन्हा चढतो. एका सेकंदात हे अनेकदा होते. उतरवलेले ब्रेक ऑइल पंप मास्टर सिलिंडरकडे परत ढकलतो, म्हणून पायाखाली पेडल धडधडते. त्या वेळी पाय उचलायचा नाही, दाबूनच धरायचा.

प्रश्न : मेकॅनिकने सेन्सरला मल्टिमीटर लावला, ओहम दाखवले नाहीत म्हणून सेन्सर गेला असे सांगितले. हे बरोबर आहे का?

उत्तर : सेन्सर कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवले नसेल, तर ही तपासणी निरर्थक आहे. दोन जाती आहेत आणि दोघींनाही बहुधा दोनच वायर असतात, त्यामुळे वायर मोजून ओळख पटत नाही.

पहिली जात पॅसिव्ह. आत एक कायमचुंबक, लोखंडी गाभा आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. दाता समोर आला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात एसी व्होल्टेज तयार होते. याला बाहेरून वीज लागत नाही. कपलर (सेन्सरची वायर गाडीच्या वायरिंगला जोडणारा जोड) सोडवून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजले तर साधारण ८०० ते २,५०० यांच्यात आकडा मिळतो. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूशी ताडून पाहा. एक पिन आणि गाडीची बॉडी यांमध्ये काहीही वाहता कामा नये. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि चाक हाताने सेकंदाला एक फेरा या वेगाने फिरवा. व्होल्टेज उमटले पाहिजे आणि वेग वाढवला की वाढले पाहिजे. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर कमी आकड्याच्या बाजूचा गॅप (सेन्सरचे टोक आणि रिंग यांमधले अंतर) आणि रिंग पाहा.

दुसरी जात ॲक्टिव्ह. आत चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारी हॉल किंवा मॅग्नेटोरेझिस्टिव्ह चिप असते आणि तिला युनिटकडून वीज मिळते. हिच्यावर ओहम मोजून काहीच कळत नाही, मीटर कोणताही आकडा दाखवेल किंवा दाखवणारही नाही. चांगले सेन्सर यामुळेच भंगारात जातात. ही चिप व्होल्टेज बदलत नाही, करंट बदलते : बहुतेक सेन्सरांत ७ आणि १४ मिलिअँपिअर या दोनच पायऱ्या असतात. तपासायचे असेल तर आधी कपलर सोडवा, चावी ऑन करा आणि गाडीच्या बाजूच्या दोन पिनांमध्ये डीसी व्होल्ट पाहा. अनेक गाड्यांत ते बॅटरीच्या जवळपास असतात. काही गाड्यांत युनिटला बिघाड दिसला की ते हा पुरवठा बंद करते, म्हणून चावी बंद करून पुन्हा ऑन केल्या केल्या मोजा. पुरवठा ठीक असेल तर सेन्सरच्या एका वायरमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडा आणि त्याच्या दोन टोकांवर मीटर लावून चाक अगदी हळू फिरवा. आकडा ०.७ आणि १.४ व्होल्ट यांच्यात उड्या मारत असेल तर सेन्सर जिवंत आहे. एकाच आकड्यावर बसून राहिला तर सेन्सर किंवा रिंग, दोन्हींपैकी एकात दोष आहे. या सेन्सरला टेस्ट लँप लावू नका आणि उलटी वीज देऊ नका.

ओळखायची सोपी खूण : चाक अगदी सावकाश, हाताने ढकलल्यासारखे फिरवले तरी स्कॅनरवर वेग दिसतो तो ॲक्टिव्ह. पॅसिव्ह सेन्सरचा सिग्नल त्या वेगाला वापरण्याजोगा नसतो.

प्रश्न : गाडी सिग्नलला थांबवताना, अगदी शेवटच्या क्षणी पेडल धडधडते आणि गाडी थोडी पुढे सरकते. रस्ता कोरडा, ब्रेक हलकाच. दिवा लागत नाही, स्कॅनरमध्ये कोडही नाही.

उत्तर : हा बिघाड घाबरवणारा आहे आणि तो अंगावर काढू नये, कारण थांबण्याच्या ऐन वेळी एका चाकाचा ब्रेक सोडला जातो. एबीएस विनाकारण काम करते आहे. कारण बहुतेक वेळा एकच असते : एका चाकाचा सिग्नल बाकीच्या तिघांच्या आधी मरतो.

पहिल्या उत्तरातले आकडे आठवा. वेग उतरतो तशा पल्स कमी होतात आणि पॅसिव्ह सेन्सरमध्ये व्होल्टेजही घटत जाते. चारही सेन्सर सारखेच घटत असतील तर युनिट ठरावीक वेगाखाली स्वतःच बाजूला होते, काही बिघडत नाही. पण एका चाकाचा गॅप वाढला असेल, तर इतर चाके ताशी १० किलोमीटर सांगत असताना हे चाक अचानक शून्य सांगते. युनिटच्या लेखी ते चाक लॉक झाले. ते दाब सोडते. वेग वाढला की हाच सिग्नल पुन्हा पुरेसा होतो, म्हणून दिवा लागत नाही आणि कोड साठत नाही.

गॅप वाढतो तो बहुधा गंजामुळे. सेन्सर ज्या पृष्ठभागावर बसतो तिथे गंज धरला की तो फुगतो आणि सेन्सरला एका बाजूने उचलतो. मूळ गॅप मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, त्यामुळे अर्धा मिलिमीटर गंजही सिग्नल पाडायला पुरतो. दुसरे कारण रिंगच्या आत भरलेला गंज. लोखंडी रिंग दाबून बसवलेली असते. तिच्याखाली गंज फुगला की तिला एका जागी तडा जातो. त्या तड्यापाशी दोन दात्यांमधले अंतर वाढते, दर फेऱ्याला एक पल्स उशिरा येते आणि युनिटला चाक क्षणभर मंदावल्यासारखे वाटते. तिसरे कारण बेअरिंगमधला खेळ, म्हणजे ढिलेपणा. चाक डगमगते तसा गॅपही कमी-जास्त होतो. चौथे, सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस. टोकात चुंबक असेल तर ब्रेकमधून झडणारी लोखंडाची पूड तिथे गोळा होते.

शोधायचे असे. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकाच आलेखात लावा. गाडी चालवणारा एक आणि स्क्रीन पाहणारा दुसरा हवा. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ४० ला न्या आणि ब्रेकला हलकासा स्पर्श करत सावकाश थांबवा, असे तीन-चार वेळा. जी रेषा इतरांच्या आधी खाली कोसळते ते चाक दोषी. रेषेत ठरावीक अंतराने खाच दिसली, तर ती प्रत्येक फेऱ्यात एकदा येते का ते पाहा. येत असेल तर रिंगला तडा आहे किंवा दाता तुटला आहे. मग चाक उचलून टॉर्चच्या उजेडात पूर्ण ३६० अंश फिरवून रिंग पाहा. अर्धाच फेरा पाहून सोडून दिल्याने तडा निसटतो.

नेमके चाक सापडेपर्यंत काही जण एबीएसचा फ्यूज काढून गाडी वापरतात. आमचे मत त्याविरुद्ध आहे. चाक शोधायला अर्धा तास लागतो, आणि फ्यूज काढल्याने मागच्या-पुढच्या चाकांतल्या ब्रेकची इलेक्ट्रॉनिक वाटणीही बंद पडते.

प्रश्न : बेअरिंग बदलल्यापासून एबीएसचा दिवा लागून आहे. सेन्सर जुनाच आहे, तोपर्यंत चालत होता.

उत्तर : मग सेन्सरवर शंका सर्वात शेवटी घ्या. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकी रिंग आहे आणि ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. दोन्ही सील दिसायला जवळजवळ सारखी असतात, म्हणून बेअरिंग उलटे दाबले जाते. प्रेसवर बसवण्याआधी ओळखायची युक्ती म्हणजे दोन्ही सीलवर एक बारीक स्टेपलर पिन धरून पाहणे : जिथे ती ओढली जाते ती चुंबकी बाजू. चुंबकी रेषा दाखवणारे हिरवे कार्ड मिळाले तर त्यावर एकाआड एक पट्टे स्पष्ट उमटतात, आणि एखाद्या जागी पट्टे पुसट असतील तर तेही दिसते.

बेअरिंग बरोबर बाजूने बसले असेल तर पुढच्या शक्यता अशा : नव्या बेअरिंगमध्ये चुंबकी रिंगच नाही, किंवा ध्रुवांची संख्या वेगळी आहे. संख्या वेगळी असली की ते चाक कायम जास्त किंवा कमी वेग दाखवते. ड्राइव्ह शाफ्ट किंवा सीव्ही जॉइंट बदलल्यावर दातेरी रिंगच्या बाबतीतही हेच होते, म्हणून जुन्या-नव्याचे दाते मोजून पाहा. चौथी शक्यता, बेअरिंग चुंबकी ट्रेमध्ये किंवा लाउडस्पीकरजवळ ठेवले होते. जोरदार चुंबकाने रिंगवरचे ध्रुव बिघडतात. सीलवर हातोडी लागली असेल तरी रिंग गेली.

प्रश्न : सेन्सर गंजाने घट्ट बसला आहे. निघत नाही. न मोडता कसा काढावा?

उत्तर : मोडण्याची तयारी ठेवूनच हात लावा, पण आधी हे करा. चावी बंद. गाडी जॅकवर उचला, खाली स्टँड लावा, चाक काढा. कपलर आधी सोडवा आणि वायर क्लिपमधून मोकळी करा. म्हणजे सेन्सर फिरवताना वायर पिळली जाणार नाही. बोल्टवर आणि सेन्सरच्या कडेला गंज सोडवणारे तेल मारून किमान पंधरा मिनिटे थांबा. बोल्ट काढल्यावर सेन्सर ओढू नका. कडेला पाना अडकवून दोन्ही बाजूंना थोडा थोडा फिरवा. फिरायला लागला की तो निघतो. सरळ ओढल्यास प्लॅस्टिक तुटते आणि टोक आत राहते. मग ते आतल्या बाजूने, डिस्क काढून, बाहेर ढकलावे लागते. ड्रिल लावायची वेळ आली तर रिंगला धक्का लागणार नाही एवढी खोली बिटवर टेप लावून ठरवा.

भोक आणि बसण्याची जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत साफ करा, नाहीतर नवा सेन्सरही उचललेलाच बसेल. खालचा कीस आत पडू नये म्हणून रिंगवर फडका ठेवा. तांब्याची पेस्ट टाळा, धातू नसलेली सिरॅमिक किंवा सिलिकॉन पेस्ट कडेला पातळ लावा, टोकाला नाही. बोल्ट बारीक असतो, साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. वायर सगळ्या क्लिपमध्ये मूळ मार्गानेच बसवा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ती कुठे ताणते किंवा टायरला घासते का ते पाहा. पुढच्या चाकांची वायर वर्षानुवर्षे वळून आतून तुटते आणि वरचे रबर शाबूत राहते. असा दोष फक्त एका बाजूला वळताना दिवा लावतो.

प्रश्न : उंदराने मागच्या सेन्सरची वायर कुरतडली. जोडली तर चालेल?

उत्तर : बॉडीला घट्ट बांधलेल्या भागात चालेल. क्रिंप जोड आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी वापरा, दोन वायरचे जोड एकमेकांसमोर न येता थोडे पुढे-मागे ठेवा आणि वायरचा मूळ पीळ कायम ठेवा. हा पीळ बाहेरचे विद्युत अडथळे कापतो. सस्पेन्शनबरोबर हलणाऱ्या भागात जोड देऊ नका, तिथे पूर्ण वायर बदला. नुसता सोल्डर थरथरीने कडेला तडकतो.

प्रश्न : मोटरसायकलचा पंक्चर काढल्यापासून एबीएसचा दिवा जात नाही.

उत्तर : आधी ताशी दहा-पंधरा किलोमीटरच्या वर चालवून पाहा. बऱ्याच मोटरसायकलींत चावी लावल्यावर दिवा लागलेलाच राहतो आणि चाके फिरू लागून सिग्नल जुळले की विझतो, तो दोष नाही. तरीही राहिला तर चाक काढताना काय हलले ते शोधा. डिस्कच्या आत भोके पाडलेली पत्र्याची रिंग असते. चाक त्या बाजूने जमिनीवर आडवे ठेवले किंवा टायर लिव्हर तिच्यावर टेकवला की ती वाकते. डाव्या-उजव्या स्पेसरची अदलाबदल झाली असेल तर गॅपच बदलतो. चाक हळू फिरवत रिंग आणि सेन्सर यांमधले अंतर फिलर गेजने चार ठिकाणी मोजा. सगळीकडे जवळजवळ सारखे आणि मॅन्युअलच्या मर्यादेत हवे. सेन्सरची वायर कॅलिपरजवळच्या पट्टीतून बाहेर राहून डिस्कला घासत नाही ना, हेही पाहा.

सेंटर स्टँडवर मागचे चाक बराच वेळ इंजिनने फिरवले तरी दिवा लागतो, कारण मागचे चाक फिरते आहे आणि पुढचे उभे आहे. चावी बंद करून पुन्हा लावली आणि थोडे चालवले की तो सहसा विझतो.

प्रश्न : फक्त मागे मोठे टायर टाकले तर एबीएसला फरक पडतो का?

उत्तर : पडतो. १७५/६५ आर १४ च्या जागी १८५/७० आर १४ टाकला तर व्यास ५८३ वरून ६१५ मिलिमीटरवर जातो, म्हणजे मागची चाके कायम पाच टक्क्यांनी सावकाश फिरतात. घसरीचा उपयोगी पट्टा १० टक्क्यांपासून सुरू होतो, त्यातले पाच तुम्ही आधीच खर्च केले. चारही टायर सारखे बदलले तर तुलना बिघडत नाही, फक्त स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो.

प्रश्न : स्कॅनरवर सी००३५ आला. नेमका कोणता भाग मागवू?

उत्तर : अजून काहीच मागवू नका. अनेक गाड्यांत सी००३५ म्हणजे पुढचे डावे चाक, सी००४० पुढचे उजवे, सी००४५ मागचे डावे आणि सी००५० मागचे उजवे. कोड चाक सांगतो, भाग सांगत नाही. त्या चाकाच्या मार्गात रिंग, गॅप, सेन्सर, वायर, कपलर आणि युनिटपर्यंतची लाइन येते, आणि कोड त्यांतल्या कशानेही येऊ शकतो. सर्वात आधी कपलर उघडा : पाणी शिरून पिना हिरव्या झाल्या असतील तर तिथेच काम संपेल. सर्किटचा दोष असेल तर गाडी उभी असतानाही कोड लगेच परततो. सिग्नलचा दोष असेल तर चालवल्यावरच येतो, मग रिंग आणि गॅप पाहा. त्याच ॲक्सलच्या दोन बाजूंचे सेन्सर सारखे असतील तर अदलाबदल करून पाहा. कोड सेन्सरबरोबर दुसरीकडे गेला तर सेन्सर बदला, तिथेच राहिला तर वायर किंवा रिंग.

प्रश्न : पिवळा एबीएस दिवा लागलेला असताना गाडी चालवावी का?

उत्तर : फक्त पिवळा असेल तर साधा ब्रेक काम करतो, पण जोरात दाबल्यावर चाके लॉक होऊ शकतात. अंतर जास्त ठेवा आणि लवकर दुरुस्त करा. ट्रॅक्शन कंट्रोल (वेग वाढवताना चाक जागेवर घसरून फिरू न देणे), चढावर गाडी धरून ठेवणे आणि काही गाड्यांत स्पीडोमीटरही याच सेन्सरांवर चालतात, त्यामुळे ते दिवेही सोबत लागतात. पण लाल ब्रेकचा दिवाही लागला असेल तर गाडी थांबवा. ब्रेक ऑइल कमी असू शकते, किंवा मागच्या चाकांची दाब-वाटणी गेलेली असू शकते, आणि मागची चाके आधी लॉक झाली की गाडी गिरकी घेते.

प्रश्न : ट्रकच्या सेन्सरचा गॅप किती ठेवायचा? बोल्ट तर दिसत नाही.

उत्तर : हवेच्या ब्रेकच्या जड गाड्यांत सेन्सर बोल्टने न बांधता स्प्रिंगच्या बुशमध्ये घट्ट बसवतात. तो रिंगला टेकेपर्यंत हाताने ढकला. चाक फिरले की रिंग त्याला लागेल तेवढे मागे सारते आणि गॅप आपोआप बसतो. हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरने ठोकू नका. रिंगला अनेकदा १०० दाते असतात. चाक दोन सेकंदांत एक फेरा या वेगाने फिरवून किमान ०.२ एसी व्होल्ट मिळाले पाहिजेत. दर काही दिवसांनी सेन्सर मागे गेलेला सापडत असेल तर बेअरिंगचा खेळ वाढला आहे किंवा बुश सैल झाले आहे. सेन्सर बसवताना बुश दरवेळी नवे घाला आणि बेअरिंगचा खेळ आधी काढा.